दरवाज्यातलं पाणी

भर पावसाळ्यात गाडीचा दरवाजा उघडला आणि आतून 'डुबुक' असा आवाज आला, तर त्याचा अर्थ काय? १९८६ च्या जुलै महिन्यात मला तो आवाज गमतीचा वाटला होता. शहाळं कानाशी धरून हलवावं तसा. दरवाजा उघडला की डुबुक, लावला की डुबुक. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो, आणि ते पाणी तिथे मीच साठवलंय हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागणार होती.

तर त्याचं झालं असं. गाडी अण्णांची. बरीच वर्षं नंबर लावून, वाट बघून मिळालेली. (तेव्हा गाडी 'घेत' नसत, ती 'मिळत' असे. हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. असो.) आमचं गाव कोकणात, म्हणजे पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. गाडी सात वर्षांची झाली आणि पावसाळ्यात पुढे डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथे, पाणी साचायला लागलं. ती जागा आईची. ती चपला पिशवीत घालून, पाय जरा वर उचलून बसायची आणि काही बोलायची नाही. मे महिन्यात मी गाडी धुताना शोध लावला, की दरवाज्याच्या खालच्या कडेला ओळीने बारीक भोकं आहेत. पाणी शिरतंय ते इथूनच! दोन रंगांची, मळून लावायची ती लांबी बाजारातून आणली, चारही दरवाज्यांची भोकं झकास बुजवली आणि वरून काळा रंग फासला. अण्णांना सांगितलं नाही. जूनमध्ये गाडी कोरडी राहिली की मग सांगू, असं मनात होतं.

गाडी कोरडी राहिली नाही. डुबुक मात्र सुरू झालं.

या एका मूर्खपणामुळे पुढे मला एक विचित्र छंद लागला. गाडीच्या पत्र्यातल्या भोकांचा आणि फटींचा इतिहास. ऐकणारे हसतात, पण त्या इतिहासात बरंच काही आहे.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा कोणाला पडलाच नव्हता, कारण बहुतेक गाड्यांना 'आत' आणि 'बाहेर' असं काही नव्हतंच. गाडी उघडी, माणसं उघड्यावर. पाऊस आला तर गाडी झाकायची नाही, माणसाने स्वतःला झाकून घ्यायचं, लांब कोट नि टोप्या घालून. फार तर कॅनव्हासचं घडीचं टप वर ओढायचं आणि बाजूला पडदे अडकवायचे. पडद्यांना अभ्रकाच्या किंवा सेल्युलॉइडच्या खिडक्या असत. आपल्या रिक्षाचे रेक्झिनचे पडदे आठवा. त्यात बसून जितकं कोरडं राहता येतं तितकंच तेव्हाच्या मोटारीत राहता येत असे. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहातल्या नऊ गाड्या अशा उघड्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत हे गणित बरोब्बर उलटं झालं, दहातल्या नऊ बंद. हडसन कंपनीने १९२२ च्या सुमारास 'एसेक्स' नावाची स्वस्तातली बंद गाडी काढली. दिसायला ती निव्वळ खोका होती, पण लोकांना भिजायचा कंटाळा आला होता.

बंद गाडी म्हणजे चाकांवरचं घर. घर म्हटलं की छप्पर आलं, खिडक्या आल्या, दारं आली, आणि गळती आली. ते घर बांधणारे लोकही मुळात सुतारच. लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, सांधे सैल होतात. त्यात गंमत म्हणजे छताचा मधला भाग पत्र्याचा नसायचाच. इतका रुंद पत्रा लाटणं आणि एका ठोक्यात दाबणं कारखान्यांना जमत नव्हतं. म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या, त्यावर रोगण दिलेलं कापड. ते कापड काही वर्षांनी तडकायचं आणि मालकाला त्यावर पुन्हा लेप द्यावा लागायचा. आपल्याकडे मिरगाच्या आधी घर शाकारायचे, तसंच ते! जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना सलग पोलादी छत दिलं, 'टरेट टॉप' नावाने त्याची दणकून जाहिरात केली, आणि हे गाडी शाकारणं हळूहळू संपलं.

छप्पर सुटलं. राहिल्या फटी. त्या बुजवायला रबर होतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर करण्याची युक्ती शोधली होती, पण ते 'टिकाऊ' दरवाज्याच्या कडेला उन्हात लावलं की काही वर्षांत भेगाळतं. त्याचं कारण हवेतला ओझोन. रबराच्या लांबलचक साखळीत जागोजागी कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथेच कात्री लावतो. ताणलेल्या रबरावर आधी, म्हणून पट्टी जिथे वळते त्या कोपऱ्यातच पहिली भेग दिसते. कुठल्याही जुन्या गाडीच्या काचेभोवतीचं रबर निरखून बघा, कोपरे आधी गेलेले असतात. १९३० च्या दशकात निओप्रीन आलं, १९६० च्या दशकात ईपीडीएम नावाचं रबर आलं. या दुसऱ्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध ठेवलेलेच नाहीत, त्यामुळे ओझोनला कापायला काही मिळत नाही. आज दरवाज्याभोवती जी मऊ, पोकळ, काळी पट्टी असते ती बहुतेक याचीच.

ती पोकळ का? कारण भरीव रबर दाबायला जोर लागतो. पट्टी जितकी घट्ट तितका दरवाजा धाडकन आपटावा लागतो. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलची तर ख्याती अशी, की सगळ्या काचा वर असल्या तर शेवटचा दरवाजा नीट लागायचा नाही, आतली हवा जायला वाट नाही म्हणून. काच बोटभर खाली केली की लागायचा. हीच बीटल पाण्यात पडली तर काही वेळ तरंगते, आणि कंपनीने जाहिरातीत तेही मिरवलं होतं.

पुढच्या काचेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हल्ली ती काच सरळ चिकटवतात. पॉलियुरेथेनचा जाड घट्ट थर लावून. काच पत्र्याचाच भाग होते, गाडीच्या मजबुतीला हातभार लावते. पण जुन्या गाड्यांत काचेभोवती रबराची दुहेरी खाच असायची. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. ती बसवायची कशी? रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी किंवा दोरी फिरवून ठेवायची, दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची, बाहेरून एकाने काच दाबून धरायची आणि आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसतशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. पाच मिनिटांचं काम, पण बघत राहावं असं. हे ज्याने पाहिलंय त्याला रबर म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळतं. आणि हेही कळतं, की रबर आठ-दहा वर्षांत कडक झालं की तो ओठ पत्रा सोडणार.

आता दरवाजा. इथे सगळ्या हुशारीने हात टेकले आहेत. खिडकीची काच वर-खाली व्हायची, तर पत्र्यात फट ठेवावीच लागते. फटीच्या दोन्ही बाजूंना मखमलीच्या किंवा रबराच्या पट्ट्या लावतात. काचेवरचं बरंचसं पाणी त्या पुसून टाकतात, पण सगळं नाही. थोडं पाणी काचेबरोबर दरवाज्याच्या पोटात उतरतंच. हे अडवायचा नाद गाडी बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच सोडून दिला. त्यांनी ठरवलं की दरवाज्याचं पोट ओलंच असणार. मग ते पाणी खाली जाऊ द्यायचं आणि तळाशी भोकं ठेवायची. ओली बाजू आणि कोरडी बाजू यांच्या मध्ये, दरवाज्याच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पाणी त्याच्या मागून ओघळून भोकांतून रस्त्यावर जातं. काच वर-खाली करायचं यंत्र दुरुस्त करताना मेकॅनिक हा कागद टरकावतात आणि 'काय कामाचा' म्हणून फेकून देतात. पुढच्या पावसात गालिचा ओला झाला की मालक दरवाज्याच्या रबराला दोष देतो.

माझी ती भोकं म्हणजे हीच. घराच्या मोरीला मी बोळा बसवला होता, आणि वर रंग लावला होता.

मात्र या बाबतीत मी एकटाच नव्हे, याचा पुढे एका वेगळ्याच ठिकाणाहून दिलासा मिळाला. इंग्लंडमधून. आणि तिथे चूक करणारे माझ्यासारखे पोरसवदा नव्हते. अ‍ॅलेक इसिगोनिससारख्या माणसाने आखलेली गाडी होती ती. मिनी.

मिनी बाजारात आली २६ ऑगस्ट १९५९ ला. इंजीन आडवं, चाकं दहा इंची, बाहेरून एवढीशी, आत चार माणसं आरामात. मोटारीच्या इतिहासातली ही मोठी उडी, यात वाद नाही. त्या वर्षी इंग्लंडचा उन्हाळा कमालीचा कोरडा गेला होता. गाड्या कोरड्या रस्त्यांवर पळाल्या, विकल्याही गेल्या. मग पाऊस आला आणि लोकांच्या बुटात पाणी गेलं. पायाखालचे गालिचे चिंब. दरवाजे तपासले, काचा तपासल्या, रबरं तपासली. पाणी वरून येतच नव्हतं. ते खालून येत होतं, गाडीच्या तळातून.

कारण इतकं साधं होतं, की वाचल्यावर मी आधी हसलो आणि मग बराच वेळ हसू आलं नाही. गाडीचा तळ दोन पत्र्यांचा. पुढचा पाय टेकायचा तिरका पत्रा आणि मागचा सपाट तळपत्रा. दोन्ही एकमेकांवर चढवून जोडलेले. आता कोकणातल्या कोणत्याही घर शाकारणाऱ्याला विचारा, कौल कशावर कौल चढवायचं? वरच्या ओळीचं कौल खालच्या ओळीच्या कौलावर. उलटं केलं तर उतरणारं पाणी थेट फटीच्या तोंडात. छपराचा उतार वरून खाली असतो, तसा धावत्या गाडीच्या पोटाखाली पाण्याचा 'उतार' पुढून मागे असतो. पुढची चाकं पाणी उडवतात ते मागे जातं. म्हणजे जोडात खालून पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर यायला हवा. मिनीत तो उलटा आला होता. फटीचं तोंड पुढे. चाकांनी उडवलेलं पाणी ते तोंड ओंजळीसारखं झेलत होतं. कौलं उलटी घातली होती, एवढंच!

कारखाना चालू, हजारो गाड्या रस्त्यावर, पत्रे दाबायचे अवजड साचे तयार. साचे बदलायला वेळ लागतो. तोवर दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये फुगणारा फोम भरून पाहिला, लेप लावून पाहिले. शेवटी जोडाची दिशाच बदलली आणि प्रश्न मिटला. पुढे २००० सालापर्यंत पन्नास लाखांवर मिनी विकल्या गेल्या. (तिचं इंजीन असं बसवलं होतं की डिस्ट्रिब्यूटर नेमका पुढच्या जाळीमागे. मोठ्या पावसात तो भिजून गाडी बंद पडायची, ते वेगळंच.)

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरावर चढणारे ते म्हातारे आठवले, हातात चार नळे, कमरेला कोयती. त्यांना ही गाडी उलटी करून दाखवली असती तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. पण गाड्या उलट्या करून कोण दाखवतो.

मिनीच्या त्या जोडावर नुसता लेप का पुरला नाही, तेही यातच आलं. लेप, रबर, लांबी ही सगळी दुसऱ्या फळीतली माणसं. आधी पत्रा पत्र्यावर नीट दिशेने चढलेला हवा.

आणखी एक गंमत म्हणजे हल्लीच्या गाडीच्या पत्र्यात जुन्या गाडीपेक्षा भोकं जास्त असतात, आणि ती मुद्दाम पाडलेली असतात. १९६३ पासून मोटारींचे सांगाडे रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग चढवण्याची पद्धत सुरू झाली. १९७५ नंतर तिचा सुधारलेला, गंजाला जास्त चांगलं रोखणारा प्रकार आला. रंग प्रत्येक पोकळीत शिरायचा तर जायला वाट हवी, आतली हवा निघायला वाट हवी, आणि सांगाडा वर काढल्यावर रंग निथळायला वाट हवी. म्हणून सगळीकडे भोकं. नंतर ती रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करतात, सांध्यांवर पीव्हीसीचा लेप देतात, आणि शेवटी तयार गाडी पाण्याच्या फवाऱ्याखालून काढून बघतात. काही भोकं मात्र तशीच उघडी ठेवतात. कुठलं बुजवायचं आणि कुठलं नाही, सगळं शहाणपण त्या निवडीत.

इतकं सगळं करून गाडी घट्ट झाली. आणि मग आली २६ जुलै २००५.

सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मुंबईतल्या त्या दिवसाबद्दल एवढं लिहून झालंय की मी नव्याने काय लिहिणार. पण त्या दिवशी काही माणसं स्वतःच्या बंद गाडीत गेली, ही गोष्ट माझ्या या छंदाच्या आड येते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात बंद पडल्या, आणि दरवाजे उघडेनात. त्यामागचं गणित सोपं आहे. दरवाजा एक मीटर रुंद धरा, बाहेर दरवाज्याच्या तळापासून अर्धा मीटर पाणी, आत कोरडं. त्या दरवाज्यावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलोचा रेटा येतो. पाणी एक मीटर झालं तर रेटा दुप्पट नाही, चौपट. आत पाणी भरून दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत तो हटत नाही, आणि रबरं जितकी चांगली तितका त्याला वेळ लागतो. तोवर बसून राहायचं म्हणजे काय, हे मी लिहू शकत नाही. त्यानंतर अनेकांनी गाडीत काच फोडायची हातोडी ठेवायला सुरुवात केली. मीही ठेवली आहे. मागची मागे नाही, हाताशी. (बाजूची काच फोडायची, तीही कोपऱ्यात. पुढची काच फुटून निघत नाही, दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा असतो.)

त्या दिवशी रात्री मला अण्णांची ती गळकी गाडी आठवली होती. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

तर तिचं पुढे काय झालं. १९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णा गाडी डेंटरकडे घेऊन गेले, सोबत मी. दरवाज्यांचा रंग खालून फुगला होता. डेंटरने बोटाने टकटक केलं, मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि तो पापडात जावा तसा आत गेला. चारही दरवाज्यांचा तळ गंजून गेला होता. तो खाली वाकला, हाताने चाचपलं, आणि माझ्या लांबीचा एक तुकडा काढून तळहातावर धरला.

"साहेब, ही भोकं कोणी बुजवली?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मीच. पाणी येत होतं म्हणून."

"अहो, दरवाज्यात पाणी येणारच. जायला वाट नको त्याला?" डेंटर बराच वेळ बोलत होता. अण्णा शाळेत हेडमास्तर होते. गावात त्यांना कोणी असं चारचौघांत समजावून सांगत नसे. ते मान हलवत ऐकत राहिले. मी गाडीच्या पलीकडे उभा होतो.

मग डेंटरने आईच्या जागेचं पाणी शोधलं. आत डॅशबोर्डखाली टाल्कम पावडर फुंकली आणि पोराला बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडायला लावलं, खालून वर, एकेक जागा. पावडरीत ओघळ उमटला तो काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून. रबर कडक होऊन ओठ सुटला होता. पाणी तिथून शिरून पत्र्याच्या कडेकडेने हातभर लांब जाऊन खाली पडत होतं. कौलारू घरात राहिलेल्या मला हे माहीत असायला हवं होतं. फुटलं कौल एकीकडे असतं, पाणी वाशावरून ओघळून भलतीकडे टपकतं, नि आपण टपकतं तिथलं कौल बदलत बसतो.

दरवाज्यांचे तळ कापून नवा पत्रा जोडला. काचेचं रबर बदललं, दोरी ओढायला डेंटरने मला आत बसवलं. अण्णांचा एका महिन्याचा पगार जवळजवळ त्यात गेला. घरी येताना, घरी आल्यावर, पुढच्या कुठल्याही वर्षी, त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त दर मे महिन्यात खराट्याची एक काडी घेऊन ते चारही दरवाज्यांखाली वाकायचे आणि एकेक भोक मोकळं करायचे. काही वर्षांनी गुडघे दुखायला लागले तेव्हा ती काडी माझ्या हातात आली.

१९९६ मध्ये त्यांनी गाडी विकली. घेणारा तरुण होता, पैसे मोजून देऊन निघायच्या घाईत होता. अण्णांनी त्याला थांबवलं, गुडघे धरत खाली वाकले, दरवाज्याखालची भोकं त्याला बोटाने दाखवली, आणि अंगणातल्या खराट्यातून एक काडी उपसून त्याच्या हातात दिली.